कोरणं वेगळं, कापणं वेगळं : लेझर आणि सीएनसीच्या कामातले शब्द



हल्ली कुठल्याही गटाच्या बैठकीला गेलं की व्यवसायाच्या विषयात 'लेझर मशीन' हा शब्द येतोच. लाकडी नावाच्या पाट्या, हळदी-कुंकवाचं वाण, कीचेन, रांगोळीचे छापे, गणपतीचं मखर असं बरंच काही त्यावर होतं. सरसच्या प्रदर्शनात कुणीतरी स्टॉल बघून येतं, गटात विषय काढतं, मोबाइलवर कोटेशन मागवलं जातं आणि तो मोबाइल बैठकीत हातोहात फिरतो. वाचता सगळ्यांना येतं, कळतं मात्र निम्मंच. वॅट, बेड, चिलर, डीएक्सएफ, रास्टर... मग कुणीतरी म्हणतं, "विकणारा सांगेल की समजावून." तो सांगेल हो, पण त्याला मशीन विकायचंय. हप्ता भरायचाय आपल्याला, आणि ठरावावर सह्या दहा जणींच्या आहेत.

म्हणून या अंकातला पाठ या शब्दांचा. मशीन चालवायला शिकवणारा हा पाठ नाही. मशीनवाल्याशी, डिझाइन करून देणाऱ्याशी आणि गिऱ्हाइकाशी बोलताना आपल्या कानावर जो शब्द पडतो, त्याच्यामागे किती पैसे आणि किती जोखीम आहे एवढंच बघायचं.

आधी दोन क्रियापदं

भांड्यावर नाव टाकणं आपल्याला नवीन नाही. लग्नात आलेल्या स्टीलच्या डब्यावर 'चि.सौ.कां. अमुक हिस सप्रेम भेट' असं टाकलेलं असतं. जुन्या तांब्या-पितळेच्या भांड्यांवर ते टिंबाटिंबांनी ठोकलेलं दिसतं, नंतर हातातलं घर्रर्र करणारं विजेचं पेन आलं. भांडं आरपार जात नाही, फक्त वरचा थर थोडा खरवडला जातो. हे झालं कोरणं. मशीनवाले त्याला एनग्रेव्हिंग म्हणतात. आणि पत्र्याचा डबा कात्रीने कापून त्याची चाळण केली, तर ते झालं कापणं, म्हणजे कटिंग. वस्तू आरपार जाते, तुकडा सुटा होतो.

या दोघांच्या मधला तिसरा प्रकार म्हणजे स्कोअरिंग. यात मशीन फक्त रेघ ओढतं, आरपार नाही आणि भरीवही नाही. वहीवर पेनाने अक्षराची कड काढावी तसं. काही ठिकाणी यालाच लाइन एनग्रेव्हिंग किंवा मार्किंग म्हणतात. शब्द दुकानागणिक थोडे बदलतात, म्हणून नुसता शब्द ऐकून थांबू नका. "भरीव कोरणार की नुसती रेघ?" असं सरळ मराठीत विचारा.

एवढं बारकाईने का सांगतेय? कारण या तिघांना लागणारा वेळ अगदी वेगळा आहे आणि जॉबवर्कचं बिल बहुतेक ठिकाणी मशीन चाललेल्या मिनिटांवर होतं.

कापताना मशीनचं डोकं रेघेवरून एकदा जातं. म्हणजे वेळ रेघेच्या लांबीवर ठरतो. भरीव कोरताना मात्र ते शेत नांगरल्यासारखं जातं. या टोकापासून त्या टोकापर्यंत, मग जरा सरकून परत. पूर्ण जागा भरेपर्यंत तेच. म्हणजे वेळ क्षेत्रफळावर ठरतो.

हिशेब करून बघू. १० सेंटीमीटर लांब आणि १० सेंटीमीटर रुंद अशी एक चौकोनी पाटी आहे. ती बाहेरून कापायची तर चारी बाजू मिळून ४० सेंटीमीटर, म्हणजे ४०० मिलिमीटर. मशीन सेकंदाला १० मिलिमीटर कापतंय असं धरलं तर ४० सेकंदांत पाटी सुटली.

आता तीच पाटी पूर्ण कोरायची. दोन ओळींमध्ये ०.१ मिलिमीटर अंतर धरलं तर १००० ओळी होतात. प्रत्येक ओळ १० सेंटीमीटरची, म्हणजे डोक्याला एकूण १०० मीटर धावायचंय. कोरताना डोकं जोरात धावतं, सेकंदाला २०० मिलिमीटर धरू. तरी ५०० सेकंद लागले, म्हणजे ८ मिनिटं २० सेकंद. प्रत्येक टोकाला वळायला लागतो तो वेळ आणखी वेगळा.

कापायला ४० सेकंद, कोरायला ५०० सेकंद. वस्तू तीच!

पण पूर्ण पाटी कशाला कुणी कोरेल? इथेच लोक फसतात. गिऱ्हाईक म्हणतं, "अक्षरं उठावाची पाहिजेत." उठावाची म्हणजे अक्षर तसंच ठेवून आजूबाजूची सगळी जागा खोल करायची. म्हणजे जवळजवळ पूर्ण पाटी कोरायची. त्याऐवजी अक्षरंच खोदली आणि नावाची पट्टी १० बाय २ सेंटीमीटरची असली, तर २०० ओळी, २० मीटर, १०० सेकंद. मशीनचा दर मिनिटाला १० रुपये आहे असं समजा. उठावाची पाटी कापण्यासकट ९ मिनिटांची, ९० रुपये. खोदलेल्या अक्षरांची पाटी १४० सेकंदांची, २३-२४ रुपये. संक्रांतीच्या २५ वाणांचा फरक काढा. पहिलीचे २२५० रुपये, दुसरीचे ६०० च्या आत. ऑर्डर घेताना "उठावाची देऊ की" असं पटकन बोलून गेलं तर नफा तिथेच गेला.

या हिशेबातला दर मी फक्त उदाहरणासाठी घेतलाय. तुमच्या तालुक्यातला दर विचारून घ्या आणि तो मिनिटावर आहे, चौरस इंचावर आहे की नगावर, हेही विचारा. खूप कोरीव काम असेल तर चौरस इंचाचा किंवा नगाचा दर आपल्याला परवडू शकतो. नुसतं कापायचं असेल तर मिनिटाचा.

दोन ओळींमधल्या अंतराचाही एक शब्द आहे. कुणी त्याला लाइन इंटरव्हल म्हणतं, कुणी डीपीआय, म्हणजे एका इंचात किती ठिपके. ओळी दाट तर कोरीव काम गुळगुळीत, पण वेळ जास्त. विरळ केल्या तर वेळ कमी, पण नीट बघितलं की रेघा दिसतात. साडीला फॉल लावताना टाके दाट घ्यायचे की लांब, तसाच हा निर्णय. लांबून बघायच्या पाटीला फार दाट ओळींची गरज नसते.

फाइल : ठिपक्यांची की रेघांची?

"ताई, फोटो नाही चालणार, व्हेक्टर फाइल पाठवा," असं मशीनवाला म्हणतो आणि आपलं काम तिथे अडतं.

रांगोळीचा विचार करा. एक रांगोळी अशी असते की पूर्ण जागेवर रंग पसरून चित्र भरलंय. जवळ जाऊन बघितलं तर नुसते कण. दुसरी ठिपक्यांची. या ठिपक्यापासून त्या ठिपक्यापर्यंत रेघ, मग पुढच्या. पहिली मोठी करायला गेलं तर कण फाकतात आणि कडा धूसर होतात. दुसरी कितीही मोठी करा, ठिपक्यांमधलं अंतर वाढवलं की झालं, रेघ रेघच राहते.

मोबाइलमधला फोटो पहिल्या जातीचा, त्याला रास्टर म्हणतात. जेपीजी, पीएनजी ही त्याची नावं. दुसरी जात म्हणजे व्हेक्टर. सीडीआर, डीएक्सएफ, एसव्हीजी या फाइली साधारण त्या जातीच्या. फोटोवरून कोरता येतं, कारण कोरताना मशीन ओळी-ओळीनेच जातं. पण कापायला त्याला कुठून कुठे जायचं ती रेघ लागते, आणि ती फोटोत नसते. फोटोवरून रेघ काढून देण्याचे डिझाइनवाला वेगळे पैसे घेतो, ते योग्यच आहे. आपण एवढं बघायचं की पैसे दिल्यावर फाइल आपल्याला मिळाली पाहिजे. नुसतं कापलेलं सामान घेऊन येऊ नका. फाइल गटाच्या पेनड्राइव्हमध्ये असली की पुढच्या वर्षी दुसऱ्या दुकानात जाता येतं. आणि ती व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून नव्हे, डॉक्युमेंट म्हणून मागा. फोटो म्हणून पाठवलं की त्याचा दर्जा उतरतो.

गटात एमएस-सीआयटी झालेली एखादी मुलगी किंवा सून असेल तर तिला इंकस्केप हे सॉफ्टवेअर शिकायला बसवा. ते फुकट मिळतं आणि त्यात व्हेक्टर फाइल करता येते. कोरलड्रॉ जास्त दुकानांत चालतं, पण त्याला पैसे पडतात. माझ्या मते मशीनच्या आधी गटाने याच्यावर वेळ घालवावा. मशीन भाड्याने मिळतं, डिझाइन येणारी बाई मिळत नाही.

मराठी नावांची स्वतःची तीन दुखणी

हा भाग इंग्रजी व्हिडिओत सापडणार नाही आणि आपला बहुतेक धंदा मराठी नावांचाच आहे, म्हणून जरा सावकाश.

पहिलं दुखणं फॉन्टचं. बऱ्याच डिझाइनवाल्यांकडे श्रीलिपी, कृतिदेव असे जुने फॉन्ट असतात. त्यांची रचना मोबाइलमधल्या युनिकोडपेक्षा वेगळी. एका कॉम्प्युटरवर 'जिजाऊ महिला बचत गट' दिसतं, तीच फाइल दुसरीकडे उघडली की अगम्य चिन्हं. उपाय एकच, फाइल देताना अक्षरांचं रूपांतर रेघांमध्ये करून द्यायला सांगायचं. दुकानात म्हणायचं, "कर्व्ह करून द्या." एकदा कर्व्ह केलं की मशीनच्या दृष्टीने ते अक्षर राहत नाही, चित्र होतं. मग ते बदलत नाही. पण त्यातला ऱ्हस्व-दीर्घही मग सुधारता येत नाही, म्हणून नाव आधी तपासा आणि नंतर कर्व्ह करा.

दुसरं दुखणं शिरोरेघेचं. नाव कापून सुटं काढायचं असेल तर मराठीला एक मोठा फायदा आहे. शिरोरेघेमुळे अख्खा शब्द एका तुकड्यात निघतो. इंग्रजी नावाची अक्षरं सुटी पडतात, आपली धरून राहतात. पण कॉम्प्युटरच्या दृष्टीने प्रत्येक अक्षराची रेघ वेगळी असते, ती फक्त शेजारच्या अक्षराच्या रेघेवर थोडी चढलेली असते. तसंच मशीनला दिलं तर ते प्रत्येक अक्षर वेगळं कापतं आणि हातात 'सु', 'नं', 'दा' असे तीन तुकडे येतात. चढलेल्या रेघा एक करण्याला वेल्ड म्हणतात. इथे वेल्डिंगच्या दुकानाशी काही संबंध नाही. "वेल्ड केलंय ना?" हा प्रश्न कापण्याआधी विचारायचा. त्यातही 'ध' आणि 'भ' या अक्षरांची शिरोरेघ तुटक असते, तिथे जोड नाजूक राहतो. तो जरा जाड करून घ्यावा.

तिसरं दुखणं टिंबाचं. 'सुनंदा'तला अनुस्वार, 'चंद्रभागा'तला अनुस्वार. नाव कापलं की ते टिंब सुटं होऊन खाली पडतं. ते शिरोरेघेला बारीक पुलाने जोडून घ्यावं लागतं. त्या पुलाला ब्रिज म्हणतात. पाटीला आरपार भोक पाडून नाव करायचं असेल तेव्हा प्रकार उलटा होतो. 'व', 'ब', 'क' यांच्या पोटातला तुकडाच गळून पडतो आणि 'व'चा नुसता गोल खड्डा राहतो. रांगोळीच्या छाप्यात अक्षरं मधे-मधे तोडलेली दिसतात, ती याच कारणाने.

रेघेलाही जाडी असते

सुताराने फळी करवतीने कापली की भुसा पडतो. तो भुसा फळीतलाच असतो. म्हणजे चार फुटांच्या फळीचे दोन तुकडे जोडले तर पुरे चार फूट भरत नाहीत. लेझरचंही तसंच. तो जाळत जातो, आणि जळून जी बारीक फट पडते तिला कर्फ म्हणतात. पातळ एमडीएफमध्ये ती मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांएवढी असते.

कीचेनला याने काही फरक पडत नाही. पण मखर, पेटी, फिरती फुलदाणी, म्हणजे जिथे एक तुकडा दुसऱ्याच्या खाचेत बसतो, तिथे पडतो. ३ मिलिमीटरची शीट आणली, ३ मिलिमीटरची खाच काढली. कापल्यावर खाच झाली ३.२ ची. त्यात '३ एमएम' म्हणून विकलेली शीट मोजली तर २.८ च भरते, असं अनेकदा होतं. मखर डुलायला लागतं. म्हणून पूर्ण मखर कापण्याआधी दोन बोटांएवढा टेस्ट पीस कापून खाच बसवून बघायची आणि शीटची जाडी व्हर्नियरने मोजायची. जुने सुतार सुतात बोलतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ३ मिलिमीटरला जवळ. बोलायला ठीक, पण फाइलीत मिलिमीटरच लिहा.

मखराचा विषय निघालाय तर, २०१८ च्या प्लास्टिक-थर्माकोल बंदीत सजावटीचं थर्माकोलही आलं. तेव्हापासून घडी करून ठेवता येणाऱ्या लाकडी आणि पुठ्ठ्याच्या मखरांना गिऱ्हाईक आहे. काम मात्र दोन महिने आधी सुरू व्हावं लागतं. श्रावणात गेलात तर मशीनवाल्याकडे रांग असते.

आणखी दोन शब्द लगेच सांगते. नेस्टिंग म्हणजे एका शीटवर तुकडे असे मांडणं की वाया कमी जाईल. ब्लाउजपीस कापताना बाही कुठे बसवायची हे ज्यांना कळतं त्यांना हे शिकवावं लागत नाही. दुसरा शब्द मास्किंग. एमडीएफवर आधी कागदी टेप लावायचा, त्यावरून कापायचं आणि टेप काढायचा, म्हणजे धुराचा पिवळट डाग वर पडत नाही. कापलेली कड मात्र काळीच राहते आणि तिची काजळी हाताला लागते. वाणाची वस्तू असेल तर कड पुसून, रंगवून द्या. कुणाच्या पैठणीला लागली तर पुढची ऑर्डर विसरा.

मशीनच्या कोटेशनमधले शब्द

आपल्याकडे जॉबवर्कला जास्त करून सीओटू लेझर असतं. सीओटू म्हणजे कार्बन डायऑक्साइड. काचेच्या नळीत हा वायू आणि सोबत इतर वायू असतात, त्यातून किरण निघतो, आरशांवरून वळत भिंगातून खाली येतो. या प्रकारचा लेझर १९६४ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅबमध्ये कुमार पटेल यांनी शोधला. ते जन्मले बारामतीत आणि इंजिनिअरिंग शिकले पुण्यात. मला हे वाचून फार बरं वाटलं होतं, म्हणून सांगितलं!

हा किरण डोळ्यांना दिसत नाही. मशीनवर लाल टिंब दिसतं ते नुसतं जागा दाखवायला असतं. म्हणून झाकण उघडं ठेवून काम करायचं नाही, लाल टिंबाला किरण समजून तर नाहीच.

दुसरा प्रकार डायोड लेझर. छोटं, स्वस्त, टेबलावर मावणारं. निळा उजेड दिसतो. लाकडावर छान कोरतं, पातळ प्लाय कापतं. पण पारदर्शक ॲक्रिलिक कापत नाही, कारण निळा उजेड काचेतून जावा तसा त्यातून आरपार निघून जातो. ज्या गटाला ॲक्रिलिकच्या ट्रॉफी आणि पाट्या करायच्यात त्यांनी हे घेऊन उपयोग नाही. तिसरा प्रकार फायबर लेझर, तो धातूसाठी. स्टीलच्या भांड्यावर, पितळेच्या पाटीवर नाव टाकायचं तर हा लागतो. लाकूड कापायचं काम त्याचं नाही. 'एकाच मशीनमध्ये सगळं' असं कुणी म्हणालं तर त्याला स्टीलचा डबा आणि पारदर्शक ॲक्रिलिकचा तुकडा द्या आणि समोर करून दाखवा म्हणा.

वॅट हा आकडा सगळ्यात फसवा. डायोड मशीनच्या जाहिरातीत '४० वॅट' मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं. ती अनेकदा मशीन ओढत असलेली वीज असते, किरणाची ताकद त्यातली थोडीच. कामाचा आकडा म्हणजे ऑप्टिकल आउटपुट. ४० वॅट लिहिलेल्या मशीनचं ऑप्टिकल आउटपुट ५ च्या आसपास निघू शकतं. कोटेशनवर 'ऑप्टिकल आउटपुट इतके वॅट' असं लिहून मागा.

पॉवर आणि स्पीड हे शब्द रोजच्या वापराचे. आच किती आणि तव्यावर किती वेळ, एवढाच त्याचा अर्थ. आच मोठी आणि वेळ जास्त झाला की करपतं, कमी पडलं की तुकडा सुटत नाही. मग दुसरी फेरी मारावी लागते, तिला पास म्हणतात.

बेड साइज किंवा वर्किंग एरिया म्हणजे मशीनचं डोकं पोचतं तेवढी जागा. ६०० बाय ९०० मिलिमीटरला सगळे 'दोन बाय तीन फूट' म्हणतात. पण पुरे दोन फूट म्हणजे ६१० मिलिमीटर आणि तीन फूट म्हणजे ९१४. तेवढं डोकं कडेला पोचत नाही. आणि प्लाय-एमडीएफची शीट येते आठ बाय चार फुटांची. ती आधी कापून आणावी लागणार. तो खर्च आणि टेम्पोचं भाडं प्रस्तावात धरलंय का बघा.

चिलर म्हणजे नळी थंड ठेवणारी पाण्याची व्यवस्था. कोटेशनमध्ये नुसतं 'चिलर' लिहिलेलं असतं. त्यात दोन प्रकार आहेत. एकात फक्त पंखा आणि जाळी असते. तो पाणी खोलीच्या हवेपेक्षा थंड करूच शकत नाही. दुसऱ्यात फ्रीजसारखा कॉम्प्रेसर असतो. विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यात पारा ४२ च्या वर गेला की पहिल्या प्रकाराचा चिलर नळी वाचवत नाही. आणि नळी ही संपणारी वस्तू आहे, जात्याला परत परत टाकी मारावी लागते तशी ती बदलावी लागते. 'मशीनला एक वर्ष वॉरंटी' यात नळी धरलीय का, तिची वेगळी किती, नवी नळी केवढ्याला, हे तिन्ही प्रश्न लिहून विचारा. नळीला काही हजार व्होल्ट जातात, तेव्हा पक्कं अर्थिंग पाहिजे. समाजमंदिराच्या जुन्या वायरिंगवर हे मशीन लावू नये.

एअर असिस्ट म्हणजे कापतो त्या जागी वारा मारणारा छोटा पंप. त्याने ज्वाळ उठत नाही, भिंगही स्वच्छ राहतं. हा नसेल तर मशीन घेऊच नका.

एक्झॉस्टबद्दल सगळ्यात जास्त लिहायला हवं, कारण कोटेशनमध्ये ते शेवटच्या ओळीत असतं. एमडीएफ म्हणजे लाकडाचा भुसा आणि गोंद. तो गोंद जळला की फॉर्मल्डिहाइडसारखे त्रासदायक वायू निघतात. डोळे चुरचुरतात, घसा धरतो. धूर पाइपने बाहेर गेलाच पाहिजे. आणि बाहेर म्हणजे शेजारणीच्या खिडकीत नाही, गोठ्यातही नाही. घरात पाळणा असेल त्या खोलीत मशीन नको.

पीव्हीसी मात्र कुठल्याही एक्झॉस्टवर भरवसा ठेवून घालायचं नाही. लेझरखाली पीव्हीसी गेलं की हायड्रोजन क्लोराइड निघतो. ओलाव्याशी मिळाला की त्याचं ॲसिड होतं, संडास धुवायला आणतो त्याच जातीचं. ते फुप्फुसाला लागतं आणि मशीनच्या लोखंडालाही. आता पीव्हीसी कशात असतं बघा. सनबोर्डमध्ये, फ्लेक्सच्या कापडात, आणि पर्स शिवतो त्या बहुतेक रेक्झिनमध्ये. गिऱ्हाईक रेक्झिनची पर्स आणून म्हणेल, "यावर नाव टाकून द्या." नाही म्हणायचं. वस्तू कशाची आहे हे माहीत नसेल तरीही नाही म्हणायचं.

मशीन चालू ठेवून बाजूला जायचं नाही, हेही यातच आलं. चुलीवर दूध ठेवून कोण अंगण झाडायला जातं? ॲक्रिलिक आणि लाकूड दोन्ही पेट घेतात. अग्निशमनाचं नळकांडं मशीनजवळ हवं आणि त्याची किंमत प्रस्तावात हवी.

सीएनसी आणि रेडियम कटिंग

सीएनसी म्हणजे कॉम्प्युटरने हलवलेलं मशीन एवढाच अर्थ. तसं बघितलं तर लेझरही त्यातच येतं. पण बाजारात 'सीएनसी' म्हटलं की राउटर समजतात. त्यात किरण नसतो. गरगर फिरणारं पातं असतं, त्याला बिट म्हणतात, आणि फिरवणाऱ्या मोटरला स्पिंडल. देवघराची जाळी, दरवाज्यावरची नक्षी, जाड सागवान हे त्याचं काम. लक्षात ठेवायचं ते एवढं की पातं गोल असतं, म्हणून आतला कोपरा कधीच टोकदार निघत नाही, गोलसर राहतो. ६ मिलिमीटरच्या बिटने ४ मिलिमीटरची फट पडत नाही. बारीक अक्षरं हवीत तर बारीक बिट, आणि बारीक बिट लवकर तुटतं. ते कुणाच्या खर्चात हे आधी ठरवा.

मोटारसायकलवरची अक्षरं कापतात ते रेडियम कटिंग. ते प्लॉटर मशीन सुरीने चिकट कागद कापतं. जाळायचं काम नाही, त्यामुळे तिथे पीव्हीसी चालतं. गटाला सगळ्यात कमी भांडवलात आणि घरातल्या खोलीत करण्यासारखं हेच आहे असं मला वाटतं, पण त्याबद्दल पुन्हा केव्हातरी.

मशीन आधी घ्यावं की नंतर, याबद्दल माझं मत सांगून टाकते. निदान संक्रांत आणि गणपती असे दोन हंगाम जॉबवर्कवर काढा. फाइल आपली, शीट आपली, मशीन दुसऱ्याचं. प्रत्येक कामाची मिनिटं वहीत लिहा. दोन हंगामांत किती मिनिटं मशीन लागलं हे कळलं की हप्ता निघतो की नाही, ते बँकेच्या साहेबांआधी आपल्यालाच कळेल.

सराव

खालची ऑर्डर गटाच्या बैठकीत मोठ्याने वाचा आणि काय काय विचारायचं राहिलंय ते काढा.

'लाकडी वाण, ४ इंच गोल, ३ एमएम, वर नाव, उठावाचं डिझाइन, ५० नग, दर ठरल्याप्रमाणे, फाइल व्हॉट्सॲपवर पाठवली आहे.'

निदान सात प्रश्न निघतात. लाकडी म्हणजे एमडीएफ, प्लाय की सागवान? ३ एमएम शीट मोजून किती भरते? ५० नगांवर एकच नाव की ५० वेगळी नावं? वेगळी असतील तर ५० फाइली होतात आणि प्रत्येक नाव तपासायला माणूस लागतो. उठावाचं म्हणजे आजूबाजूची जागा कोरायची का, आणि त्याची मिनिटं किती? दर मिनिटावर की नगावर, आणि त्यात शीट धरलीय का? फाइल फोटो आहे की व्हेक्टर, कर्व्ह केलीय का? आणि सातवा प्रश्न, जो बहुतेक गटांच्या सुटतो : एक नग करून, बघून, होकार दिल्यावरच बाकीचे ४९ कापायचे, हे ऑर्डरीवर कुठे लिहिलंय?